आई उजवीकडून चालवते

मला गाडी चालवता येत नाही म्हणून मी नापास झालो, असं कुणी सास्तूरच्या स्टँडवर सांगितलं असतं, तर लोकांनी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. पाय जमिनीला टेकत नव्हते तेव्हापासून मी मोटारसायकल चालवतो. चिखल असो, पोळ्याची गर्दी असो, मागं खताची दोन पोती असोत, माझी गाडी कधी आडवी झाली नाही. दुबईत घरोघर जेवण पोचवणाऱ्या एका कंपनीनं मला निवडलं, तेव्हा पोरांनी स्टँडवर बॅनर लावला. ‘सास्तूरचा वाघ निघाला दुबईला.’ मधोमध माझा गॉगलवाला फोटो, खाली चौदा शुभेच्छुक.

हा वाघ तिथं दोनदा नापास झाला.

तिकडं गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, एवढीच गोष्ट. ऐकायला सोपी आहे. पण एका अंगाला सहा-सहा लेन, गाड्या नुसत्या सुसाट, तापलेलं हेल्मेट, आणि डोकं उजवीकडं म्हणेपर्यंत हात डावीकडं गेलेले असतात. पहिल्या परीक्षेत वळण घेऊन बाहेर पडलो तो सरळ समोरून येणाऱ्या गाड्यांच्या लेनमध्ये. दुसऱ्या परीक्षेत सर्कलपाशी थांबलो, जन्माच्या सवयीनं उजवीकडं बघितलं, रस्ता मोकळा दिसला आणि घुसलो. डावीकडून आलेल्या पांढऱ्या व्हॅननं असा ब्रेक मारला की जळलेल्या टायरचा वास माझ्या हेल्मेटमध्ये आला. परीक्षक पेशावरकडचा म्हातारा होता. तो ओरडला नाही. मला बाजूला घेऊन त्यानं एवढंच विचारलं, “भाई, घर में कौन कौन है?”

कंपनीचा नियम तीन संधींचा. तिसऱ्यांदा नापास, तर कायमचं घरी. त्यात नवी तुकडी आली, खोल्यांमध्ये खाटा कमी पडल्या, म्हणून तिसरी परीक्षा बाकी असलेल्या आम्हा सहा जणांना दीड महिन्यासाठी गावी पाठवून दिलं. घरी मी सांगितलं, सुट्टी मिळाली. आईनं लगेच पुरणपोळ्या केल्या. प्रत्येक घास गिळताना मला स्वतःचा राग येत होता.

माझे वडील, ज्ञानोबा, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. आमची पाच एकर जमीन आहे, पण आण्णांचं नाव आहे ते बैल शिकवण्यासाठी. आजूबाजूच्या गावांतून लोक अडेल खोंड घेऊन येतात आणि महिन्याभरानं शहाणा बैल घेऊन जातात. मोटारसायकलचं हँडल मात्र त्यांनी आयुष्यात धरलं नव्हतं. “त्येला बोललेलं कळत न्हाय,” असं कारण सांगायचे, आणि कुठंही जायचं झालं की माझ्या मागं बसायचे.

तिसऱ्या दिवशी मी त्यांना शेतात घेऊन निघालो. भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं आमचं गाव आखीव आहे. रस्ते रुंद, चौक काटकोनात. त्या प्रत्येक चौकात मी घुटमळत होतो. दुबईची बाजू अंगात शिरली नव्हती आणि गावची बाजू सुटत चालली होती. शेवटच्या चौकातून वळलो तो उजव्या अंगाला. समोरून उसाचा ट्रॅक्टर. मी गाडी कशीबशी डावीकडं ओढली, ट्रॅक्टरवाल्यानं माझ्या सात पिढ्यांची चौकशी केली आणि गेला. शेतात उतरल्यावर धोतर झटकत आण्णांनी विचारलं, “तुजी बाजू कवा बदलली?”

“कसली बाजू? खड्डा चुकवत होतो.”

“म्या चाळीस वर्सं बैलं बघतोय. तू खड्डा चुकवत नव्हतास.”

मी चिडलो. मी बैल नाही म्हणालो, तुम्हाला गाडीतलं काय कळतं म्हणालो, आणि अजून बरंच काहीबाही बोललो. ते बांधावर बसून ऐकत राहिले. माझं बोलणं संपलं तेव्हा दोनदा नापास झाल्याचंही सांगून झालेलं होतं. कसं तोंडातून गेलं ते मलाच कळलं नाही.

आण्णांनी गोठ्याकडं बोट केलं. “पाखऱ्या बघ.”

पाखऱ्या आमचा थोरला बैल. नऊ वर्षं तो जूला उजव्या अंगानं चालला. मग त्याचा जोडीदार लम्पीच्या साथीत गेला, आणि नवा आणलेला बाशाही नेमका उजव्याच बाजूचा निघाला. बैल एकदा एका बाजूला चालला की दुसऱ्या बाजूला त्याचे पाय अडखळतात, मान फिरते, तो चुकीच्या बाजूला रेटत राहतो. तरी आज पाखऱ्या डावीकडून चालतो.

“बारा दिसात बदलला,” आण्णा म्हणाले. “काठी लावली न्हाय. आदी गोठ्यात जागा बदलली. वैरण दुसऱ्या अंगानं टाकली. पाणी दुसऱ्या अंगानं. मग मोकळंच जू. रस्ता सगळ्यात शेवटी. तुमी लोकं आदी रस्त्यावर नेता, मग बोंबलता.”

त्या संध्याकाळपासून माझ्यावर प्रयोग सुरू झाला. माझी खाट भिंतीच्या दुसऱ्या अंगाला गेली. ताट उजवीकडून यायचं ते डावीकडून येऊ लागलं. मोबाइल डाव्या खिशातून उजव्या खिशात. घरातून बाहेर पडताना उंबऱ्याशी थांबायचं, आधी डावीकडं बघायचं, मगच पाय टाकायचा. विसरलो की आण्णा नुसतं “हूं” म्हणायचे, आणि मी परत आत जाऊन पुन्हा बाहेर यायचो. पंचवीस वर्षांचा घोडा उंबऱ्यावर आत-बाहेर करतोय, हे शेजारून दिसू नये म्हणून मी आधी अंगणाचं फाटक लावून घ्यायचो.

आईला अर्थातच सगळं कळलं. माझ्या आईचं नाव मथुराबाई. ती माझ्यावर रागावली नाही. “मग पोळ्या कशाला खाल्ल्यास रं?” एवढंच म्हणाली आणि हसली. पण त्या दिवशी तिनं दोनदा मीठ टाकलेली आमटी केली, तेव्हा मला समजलं की तिचं चित्त ठिकाणावर नाही.

आठवड्यानं आण्णांनी दुबई बांधली. ज्वारी निघालेल्या रानात अर्धा एकर धसकटं वेचून काढली, कुळव मारला, बैलांमागं लाकूड ओढून जमीन दाबली. मधोमध कडब्याच्या पेंढ्यांचं गोल बुचाड रचलं. ते सर्कल. चारी बाजूंना पेंढ्यांच्या दोन-दोन ओळी, म्हणजे रस्ते. मी त्या बुचाडाभोवती उलट्या दिशेनं फेऱ्या मारायला लागलो. पन्नास फेऱ्या बिनचूक झाल्या.

“झालं की, आण्णा!”

“काय झालं? एकटा बैल कुठूनबी चालतो. जोडीदार पायजे. समूरून कुणीतरी यायला पायजे.”

इथं गाडं अडलं. मित्रांना बोलवायचं तर गावभर होणार, आणि स्टँडवर अजून माझा बॅनर होता. उन्हानं गॉगल पांढरा पडला होता, पण नाव वाचता येत होतं. आण्णा तर हँडलला हात लावणार नाहीत. मी म्हणालो, राहू द्या. तेव्हा भाकरीचं गाठोडं सोडत आई म्हणाली, “म्या येते की समूरून. हर्षालीची स्कूटी पडूनच हाय.”

हर्षाली माझी धाकटी बहीण, लातूरला नर्सिंगला आहे. तिची स्कूटी घरात गोधडीखाली झाकून ठेवलेली होती. मी हसायला लागलो. आई बावन्न वर्षांची. आयुष्यभर गाडीवर मागं एका बाजूला बसलेली. पण आण्णा हसले नाहीत. ते तिच्याकडं बराच वेळ बघत राहिले, कसलेला माणूस नवा खोंड निरखतो तसे.

“तिला कुठलीच बाजू ठाव न्हाय,” ते म्हणाले. “मोडायला आदतच न्हाय. हीच बरी.”

पहिल्या दिवशी आई चार वेळा बुचाडात घुसली. पाचव्या वेळी आत गेली ती कडब्यातून हसण्याचाच आवाज यायला लागला. दुसऱ्या दिवशी तिनं लुगड्याचा पदर कमरेला खोचला, डोक्याला माझं जुनं हेल्मेट घातलं आणि बुचाडाला एक पूर्ण फेरी मारली. आण्णा बैलांना बोलतात तसे तिला बोलत होते, हळू, एकाच सुरात. “हां. हां. सबूर. मान सरळ.” ती एरवी त्यांच्यावर खेकसली असती. तेव्हा मात्र ऐकत होती. आठव्या दिवशी आई एका हातानं इंडिकेटर देऊन वळत होती. आणि ती जे शिकली ते सगळं उजवीकडून.

त्यानंतर माझे हाल सुरू झाले. मी बाजू चुकलो की समोर आई. ती हॉर्न वाजवायची, पण बाजूला व्हायची नाही. मलाच कच खाऊन ढेकळांत उतरावं लागायचं. दिवसाला दहा वेळा, मग पाच, मग दोन. एक अख्खा दिवस मी चुकलो नाही, आणि माझी जुनी मस्ती परत आली. दुसऱ्या दिवशी वेग वाढवला. बुचाडाला वळसा घालून बाहेर पडलो तो कुणास ठाऊक कशानं, डावीकडं. आई समोरून येतच होती.

दोन चाकांमध्ये वीतभर अंतर राहिलं. गाडी बंद पडली. मी ओरडलो, “आगं, बाजूला व्हायला काय झालं तुला? मेलो असतो की दोघं!”

आईनं हेल्मेट काढलं. ते तिनं पोटाशी घट्ट आवळून धरलं. ती रोजच घाबरत होती, आणि मला ते इतक्या दिवसांत दिसलं नव्हतं.

“तितं म्या असणार न्हाय, शिवराज,” ती म्हणाली. “तितं जे कोन येईल त्येला तू कुनाचा कोन ते ठाव नसंल. तू नापास झालास त्याचं मला कायबी वाटलं न्हाय. त्या व्हॅनचं सांगितलंस ना, तवापासून माजा डोळा लागलेला न्हाय.”

मला रडू आलं. मी तिच्यासमोर ढेकळांत बसून रडलो, मोठ्यानं रडलो. मी नोकरीचा विचार करत होतो, बॅनरचा विचार करत होतो, आणि माझी आई माझ्या जिवासाठी रोज माझ्या अंगावर गाडी घालत होती. आण्णा पाखऱ्याच्या पाठीवर हात ठेवून लांब उभे राहिले. जवळ आले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, “झालं आसंल तर परत सुरवात करा. ऊन चढायलंय.”

त्या दिवसानंतर मी चुकलो नाही. पण गुपित फुटलं, आणि फोडलं आईनंच. तिला आता गाडीचा नाद लागला होता. एका सकाळी साखर संपली म्हणून ती स्कूटी काढून गुंडाप्पाच्या दुकानाकडं निघाली, गावच्या रुंद रस्त्यानं, ऐटीत, उजव्या बाजूनं. समोरून गावातला शांतलिंग त्याचा ट्रॅक्टर घेऊन येत होता. त्यानं हॉर्न दिला. आईनंही दिला. ती हटेना, म्हणून शेवटी ट्रॅक्टर थांबला.

“वैनी, बाजू चुकलीय तुमची!” गुंडाप्पा दुकानातून ओरडला.

“माजी बाजू बरोबर हाय,” आई म्हणाली. “दुबईत आसंच चालवत्यात.”

मग चौकात माणसं जमली, मला बोलावणं आलं, आणि मला सांगावंच लागलं. दोनदा नापास. तिसरी शेवटची. मी जमिनीकडं बघून बोलत होतो. बोलून झाल्यावर कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच हसले. वाघाची पार शेळी झाली. पण गुंडाप्पा हसता हसता थांबला आणि म्हणाला, “आरं, मग नुसत्या वैनींवर कसं भागायचं? दुबईत काय एकच स्कूटी हाय व्हय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या रानात अकरा मोटारसायकली, शांतलिंगचा ट्रॅक्टर, एक मालवाहू रिक्षा आणि गुंडाप्पाची बैलगाडी आली. अर्ध्या एकरात अशी कोंडी झाली की दुबई परवडली. सगळे हॉर्न दाबून बसलेले, सगळे उजव्या बाजूनं, आणि मधोमध कडब्यावर उभे राहून आण्णा हात दाखवतायत. मी तासभर त्या गर्दीत फिरलो. डावीकडून ट्रॅक्टर आला, थांबलो. समोरून आई आली, बाजू सोडली नाही. सगळं आपोआप होत होतं, मला आठवावं लागत नव्हतं. इतका आनंद मला पहिल्यांदा गाडी चालवली तेव्हाही झाला नव्हता.

घोळ झाला तो घरी जाताना. तासभर उजवीकडून फिरलेली ही सगळी वरात रानातून निघाली आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना तशीच, ओळीनं, उजव्या बाजूनं गावात शिरली. समोर एसटी उभी राहिली. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून बघतच राहिला. अकरा मोटारसायकली, ट्रॅक्टर, रिक्षा, बैलगाडी आणि पुढं हेल्मेट घातलेली आई.

“आज गावात हाय काय?” त्यानं विचारलं. “का मीच उलटा आलोय?”

बैलगाडी तेवढी बरोबर बाजूला होती. गुंडाप्पाची बैलं कुणाचं ऐकत नाहीत.

मी परत गेलो. परीक्षा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात होती, आणि परीक्षक तोच पेशावरकडचा. त्यानं मला ओळखलं, पण ओळख दाखवली नाही. वळणं झाली, लेन झाल्या. सर्कल आलं. मी थांबलो आणि डावीकडं बघितलं. रस्ता मोकळा होता. तरी मी आणखी क्षणभर थांबलो, कारण त्या बाजूनं आई यायची सवय झाली होती. मग गेलो.

“पास,” तो म्हणाला. कागदावर सही करताना त्यानं विचारलं, कुठं शिकलास? मी म्हणालो, खेत में. तो मान हलवून हसला, त्याला काय समजलं कोण जाणे.

मी तिथंच पार्किंगमध्ये सावलीला उभं राहून घरी व्हिडिओ कॉल लावला. आई उचलेना, आण्णा उचलेनात. शेवटी सुट्टीवर आलेल्या हर्षालीनं उचलला. मी बोलायच्या आत ती म्हणाली, “दादा, थांब, आधी हे बघ,” आणि तिनं मोबाइल फिरवला.

आमचं रान. कडब्याचं बुचाड. त्याभोवती आई स्कूटीवर फिरत होती, आणि या वेळी डाव्या बाजूनं. तिला लायसन काढायचं होतं. धाराशिवला परीक्षा द्यायची, तर उजवीकडून चालवून कसं चालेल? आण्णांनी तिची खाट बदलली होती, ताट बदललं होतं, उंबऱ्यावर ती आता आधी उजवीकडं बघत होती. पण जोडीदाराशिवाय बाजू बदलत नाही, आणि मी इकडं.

समोरून माझी मोटारसायकल येत होती. बैलाच्या चालीनं, पहिल्या गिअरमध्ये. चालवणाऱ्याचे दोन्ही पाय जमिनीवरून घासत होते, धोतराचा सोगा हँडलला अडकला होता, आणि तो गाडीला मोठ्यानं समजावत होता, “हां, हां, सबूर, सबूर…”

“आवं, बिरेक दाबा!” आई ओरडत होती. “बोलून थांबत न्हाय ती!”

“आण्णा?” मी विचारलं. “आण्णा गाडी चालवतायत?”

“आई म्हणाली समोरून यायला कोण नाही,” हर्षाली म्हणाली. “तर म्हणाले, मग म्याच हाय की.”

मी ओरडून म्हणालो, “आई, मी पास झालो.”

आईनं स्कूटी उभी केली. जवळ येऊन मोबाइलमध्ये डोळे बारीक करून बघितलं. पहिला प्रश्न विचारला, “डावीकडं बघितलंस का?”

“बघितलं. दोनदा बघितलं.”

मग तिनं पदर डोळ्यांना लावला. तोवर आण्णा आमच्यासमोरून निघून गेले, कारण त्यांना थांबता येत नव्हतं. जाता जाता ओरडले, “काय म्हंतोय?”

“पास झाला!” दोघी ओरडल्या. त्यांना ऐकू गेलं नाही. बुचाडाला अख्खा वळसा घालून ते पुन्हा आले. “आँ?” “पास झाला, पास!” पुन्हा गेले. तिसऱ्या फेरीला त्यांना ऐकू गेलं. त्यांनी हँडलवरचा एक हात वर उचलला, आणि गाडी सावकाश कलंडून कडब्यात शिरली.

हर्षाली धावली, तसा मोबाइलवर नुसता कडबा आणि आभाळ दिसत राहिलं. मग आण्णांचा चेहरा आला, केसांत ज्वारीची पानं, तोंडभर हसू. त्यांना लागलेलं नव्हतं.

“तू समूरून आला आसतास तर पडलो नसतो,” ते म्हणाले.

“येतो आण्णा,” मी म्हणालो. “पहिली सुट्टी मिळाली की येतो. तोवर ब्रेक शिकून ठेवा.”

“शिकतो की,” ते म्हणाले आणि गाडी उचलायला लागले.